परदेशी शिकून घरच्या गोष्टींकडे परतलेले जेम्स डेलार्गी



परदेशात शिकायला गेलेली माणसं परत येताना काय घेऊन येतात? कोणी पदवी आणतं, कोणी नवं यंत्र, कोणी तिकडच्या सवयी. आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, ते आयर्लंडचे जेम्स हॅमिल्टन डेलार्गी १९२८ साली स्वीडनला शिकायला गेले. परत आल्यावर त्यांनी पुढची चाळीसेक वर्षं आपल्याच देशातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करण्यात घालवली. आयरिश भाषेत त्यांचं नाव शेमस ओ दुलारगा. आपण सोपं म्हणून डेलार्गीच म्हणू.

तुम्ही म्हणाल, घरच्या गोष्टी गोळा करायला परदेशी कशाला जायचं? हाच प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

डेलार्गींचा जन्म २६ मे १८९९ रोजी आयर्लंडच्या उत्तर टोकाला, अँट्रिम परगण्यातल्या कुशेनडॉल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील बोटीवर कॅप्टन होते. ते लवकर वारले आणि आईनेच मुलांना वाढवलं. या भागाला ग्लेन्स, म्हणजे दऱ्याखोऱ्यांचा मुलूख म्हणतात. तिथे तेव्हा आयरिश भाषा शेवटच्या घटका मोजत होती. चार म्हातारी माणसं एकमेकांशी आयरिशमध्ये बोलायची आणि नातवंडांशी इंग्रजीत.

असं का झालं, हे थोडं समजून घ्यायला हवं. आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य होतं, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाट्याचं पीक सडलं, लाखो माणसं मेली, लाखो अमेरिकेला गेली. त्यात आयरिश बोलणारी गरीब माणसंच जास्त होती. उरलेल्यांना वाटू लागलं की या भाषेत भाकरी नाही. शाळा इंग्रजीत होत्या. काही ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी बांधायचे. मूल आयरिशमध्ये बोललं की काठीवर एक खाच, आणि मग जितक्या खाचा तितके फटके. यात वाईट वाटणारी गोष्ट अशी की ही युक्ती पुष्कळदा आईवडिलांना मान्य असे. पोरं इंग्रजी शिकली तर परदेशी जाऊन पोट तरी भरतील, असा त्यांचा हिशोब. ही काठी लक्षात ठेवा. शाळेचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

डेलार्गी मोठे झाल्यावर डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केल्टिक भाषा शिकले. १९२३ मध्ये एम.ए. झाले आणि तिथेच डग्लस हाइड या प्राध्यापकांचे सहायक म्हणून कामाला लागले. हे हाइड साधे गृहस्थ नव्हेत. त्यांनी स्वतः खेड्यापाड्यांतून लोककथा जमवल्या होत्या आणि पुढे १९३८ मध्ये ते आयर्लंडचे पहिले राष्ट्रपती झाले. म्हणजे गुरू तर उत्तम मिळाले.

काळ मात्र धामधुमीचा होता. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि लगेच यादवी युद्ध पेटलं. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत लढाई झाली, स्फोट झाला, आणि तिथलं सरकारी दप्तरखाना जळून गेलं. शेकडो वर्षांच्या जनगणना, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदी यांची राख झाली. कागदावरची आठवण गेली. आता जी काही आठवण होती ती माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसं सत्तरी ओलांडलेली.

त्यातलंच एक माणूस डेलार्गींना १९२३ मध्ये भेटलं.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी परगणा आहे. तिथे बॅलिनस्केलिग्जजवळ किलरियलिग नावाची वाडी डोंगराच्या उतारावर, खाली थेट अटलांटिक महासागर. तिथे शॉन ओ कॉनल नावाचे शेतकरी राहायचे. थोडी शेती, थोडी मासेमारी. जन्म १८५३ चा, म्हणजे डेलार्गी पहिल्यांदा भेटले तेव्हा सत्तरीचे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी समजतही नव्हतं. आयुष्यात एकदाच आगगाडीत बसले होते, किलॉर्ग्लिनच्या जत्रेला जाण्यासाठी. आणि परत आले ते चालत!

या माणसाच्या डोक्यात मात्र एक अख्खं ग्रंथालय होतं. राजपुत्रांच्या गोष्टी, फिन मकूल आणि त्याच्या वीरांच्या गोष्टी, भुताखेतांच्या, संतांच्या, चतुर चोरांच्या. अशा माणसाला आयरिशमध्ये शानखी म्हणतात. पूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, थंडीच्या लांब रात्री, शेजारीपाजारी एका घरात जमायचे, मध्ये चुलवणात पीटचा, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीचा जाळ, आणि शानखी गोष्ट सांगायचा. एखादी गोष्ट एका रात्रीत संपायचीही नाही. पण डेलार्गी पोचले तोवर ही बैठक मोडली होती. तरुण अमेरिकेला गेले होते, उरलेल्यांची भाषा बदलत होती, म्हाताऱ्याला श्रोता नव्हता.

मग शॉन काय करायचे? गुरं चरायला सोडली की दगडी बांधाकडे तोंड करून गोष्ट सांगायचे. अगदी हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून, जणू समोर भरलेली बैठक आहे. मुलाने त्यांना असं करताना पाहिलं होतं. बाजारातून परत येताना करड्या घोडीमागे चढण चढत असले की गाडीच्या पाठीला गोष्ट ऐकवत यायचे. वेड लागलं होतं असं समजू नका. सांगितली नाही तर गोष्ट विसरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते उजळणी करत होते. तुमच्यापैकी किती जण कोणी न सांगता पाढ्यांची उजळणी करतात, बघा बरं!

डेलार्गी सुट्टी मिळाली की डब्लिनहून किलरियलिगला जायचे आणि दिवा लावून शॉनसमोर वही घेऊन बसायचे. तेव्हा त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. म्हातारबाबा सावकाश सांगणार, हे शब्द न् शब्द लिहून घेणार. असं आठ वर्षं चाललं.

१९२७ मध्ये डेलार्गी आणि त्यांच्या मित्रांनी आयर्लंडच्या लोककथांसाठी एक संस्था काढली आणि तिचं नियतकालिक सुरू केलं. नाव ठेवलं बेलिद्यस. या आयरिश शब्दाचा अर्थ फार छान आहे : तोंडून मिळालेली शिकवण. लोकसाहित्याला आयरिशमध्ये हाच शब्द आहे. डेलार्गी त्याचे संपादक झाले ते पुढे चाळीसहून जास्त वर्षं.

पण सुट्टीत जाऊन एका माणसाच्या गोष्टी लिहिणं वेगळं आणि सगळ्या देशाच्या गोष्टी वाचवणं वेगळं. कुठून सुरुवात करायची, काय विचारायचं, लिहिलेलं कसं लावायचं, हे आयर्लंडमध्ये सांगणारं कोणी नव्हतं. ते ठाऊक होतं स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडच्या लोकांना. आणि गंमत अशी की त्यांना आयरिश गोष्टींची किंमत आयरिश लोकांपेक्षा जास्त कळली होती. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले कार्ल विल्हेल्म फॉन सिडो हे विद्वान आयर्लंडला येऊन आयरिश भाषा शिकले होते. (तुम्ही जुने इंग्रजी चित्रपट पाहत असाल तर मॅक्स फॉन सिडो हा नट आठवेल. तो यांचाच मुलगा.) नॉर्वेचे रीदार क्रिस्तियान्सेन हेही असेच केरीत येऊन गेले होते. ज्या भाषेसाठी शाळेत फटके पडत होते, ती शिकायला समुद्रापलीकडून प्राध्यापक येत होते!

१९२८ च्या वसंतात डेलार्गी रजा काढून फॉन सिडोंकडे लुंडला गेले. काही महिने ते उत्तर युरोपात हिंडले. स्वीडिश शिकले. लुंड, उप्साला, पुढे फिनलंड आणि एस्टोनिया इथली लोकसाहित्याची भांडारं त्यांनी पाहिली. भांडार म्हणजे काय, तर कपाटं आणि खोकी. त्यात हजारो चिठ्ठ्या नीट लावलेल्या. कोणती गोष्ट, कोणी सांगितली, कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणी लिहून घेतली. एकच गोष्ट चार देशांत कशी बदलत गेली, हे अशा चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघता यायचं. आपल्याकडे हौसेने एखादी लोककथा पुस्तकात छापतात, पण सांगणाऱ्याचं नाव नसतं, गाव नसतं, आणि लेखकाने आपल्या मनाने ती सजवलेली असते. डेलार्गी तिथे शिकले ते हे, की गोष्ट जशी सांगितली तशीच उतरवायची. सजवायची नाही, सुधारायची नाही, आणि सांगणाऱ्याचं नाव तिच्यापासून तोडायचं नाही.

सुरुवातीचा प्रश्न आठवा. गोष्टी घरीच होत्या. त्या गोष्टी म्हणजे म्हाताऱ्यांची बडबड नाही, हे बाहेरच्या नजरेने पाहिल्यावर दिसलं, आणि त्या जपायची रीतही तिकडेच मिळाली.

परत आल्यावर डेलार्गींनी सरकारचा पिच्छा पुरवला. १९३० मध्ये एक छोटी संस्था उभी राहिली. पैसा जेमतेम. १९३१ मध्ये किलरियलिगचे शॉन ओ कॉनल वारले. त्यांच्या गोष्टी डेलार्गींच्या वह्यांत आल्या होत्या. पण आजूबाजूच्या डोंगरांत त्यांच्यासारखे किती जण त्याच वर्षी, कोणी वही घेऊन समोर न बसता गेले असतील? हा विचार डेलार्गींना स्वस्थ बसू देईना. शेवटी एप्रिल १९३५ मध्ये सरकारने आयरिश लोकसाहित्य आयोग नेमला आणि डेलार्गींना संचालक केलं. त्या वेळी सरकारचे प्रमुख होते डी व्हॅलेरा. तेही पूर्वी गणिताचे शिक्षक होते, हे जाता जाता सांगतो.

पहिलं काम काय केलं असेल? शॉन ओ सुलिव्हन नावाच्या एका शिक्षकाला आयोगात घेतलं आणि लगेच उप्सालाला पाठवलं, चिठ्ठ्या लावायची पद्धत शिकून यायला. सुलिव्हन यांनी ती पद्धत आयर्लंडला साजेशी करून घेतली. घर, पोटापाण्याचे उद्योग, निसर्ग, औषधपाणी, सणवार, समजुती, इतिहासाच्या आठवणी, गोष्टी, खेळ अशा १४ भागांत त्यांनी गोळा करणाऱ्यांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक तयार केलं. ते १९४२ मध्ये निघालं. आत नुसते प्रश्नच प्रश्न आहेत!

आयोगाने मोजके पगारी संग्राहक नेमले. त्यांतले काही शिक्षक होते, काही शेतकऱ्यांची मुलं, आणि जिथे काम करायचं तिथली बोली येणारी. त्यांच्याबरोबर एडिफोन नावाचं जड यंत्र. त्याला मेणाच्या नळ्या बसवायच्या. म्हातारी माणसं भोंग्यात बोलणार, आवाज मेणावर कोरला जाणार. संग्राहक घरी जाऊन तो पुन्हापुन्हा ऐकून शब्दशः लिहून काढणार. आणि लिहून झालं की? मेण तासून नळी पुन्हा कोरी करायचे, कारण नव्या नळ्यांना पैसा नव्हता. म्हणून शब्द राहिले, पण बहुतेकांचे आवाज कायमचे गेले. मला हे वाचताना फार चुटपुट लागते. पण त्या वेळच्या तिजोरीकडे पाहिलं तर त्यांना दोष देववत नाही.

या संग्राहकांना माणसं कशी भेटली बघा. कॉनेमारा भागात एमन अ बुर्क नावाचा एक शिंपी होता. तरुणपणी अमेरिकेत रेल्वेच्या अपघातात त्याचा एक पाय गेला, आणि तो परत येऊन गावात कपडे शिवत बसला. १९३८ मध्ये त्याने एका राजपुत्राची जी गोष्ट सांगितली ती ३०,००० शब्दांहून मोठी आहे. तुमचं मराठीचं पाठ्यपुस्तक हातात घ्या आणि अंदाज करा! तिकडे केरीत पेग सेयर्स या आजीबाईंकडून शेकडो गोष्टी मिळाल्या. त्यांचं आत्मचरित्र पुढे आयर्लंडच्या शाळांत लावलं गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याला नाकं मुरडली. सक्तीच्या पुस्तकाचं सगळीकडे असंच होतं.

आता येतो शाळांचा भाग. मोजके संग्राहक, एवढा देश आणि रोज माणसं जात होती. प्रत्येक घरात पोचणार कसं? डेलार्गी आणि सुलिव्हन यांना उत्तर सापडलं ते पाचवी ते आठवीच्या वयाच्या मुलांमध्ये. सप्टेंबर १९३७ पासून शिक्षण खातं आणि शिक्षकांची संघटना यांच्या मदतीने एक योजना सुरू झाली. ११ ते १४ वर्षांच्या मुलांना निबंधाऐवजी हे काम दिलं. शिक्षक आठवड्याला एक विषय देणार. मुलांनी घरी जायचं, आजी-आजोबांना किंवा शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव लिहायलाच हवं. उप्सालाची रीत आता खेड्यातल्या पोराच्या वहीत आली होती. निवडक मजकूर मुलं सुंदर अक्षरात शाळेच्या एका मोठ्या वहीत उतरवून काढत.

विषय तरी किती घरगुती! पुरलेलं धन, गावचा लोहार, लोणी कसं काढायचे, पाऊस येणार हे कशावरून ओळखायचं, पवित्र विहिरी, दाढदुखीवरचे उपाय, मातीच्या जुन्या गोल गढ्यांमधल्या पऱ्या, दुष्काळाच्या आठवणी. १९३७ मध्ये ऐंशी-नव्वदीच्या आजीने आपल्या आईकडून दुष्काळ ऐकलेला होता. कुठल्या वाटेवर प्रेतं पडली होती, कोणत्या घराने कोणाला पेज दिली, हे सरकारी दप्तरात कुठून असणार? ते नातवाच्या वहीत आलं.

आणि आता गळ्यातली ती काठी आठवा. ज्या शाळेत आयरिश बोललं म्हणून खाच पाडायचे, त्याच शाळेने नातवंडांना सांगितलं की घरी जा आणि म्हाताऱ्यांना बोलतं करा. लहानपणी फटके खाल्लेल्या एखाद्या आजोबांना नातू वही-पेन्सिल घेऊन समोर बसलेला पाहून काय वाटलं असेल? शिक्षक म्हणून मी या जागी नेहमी थांबतो.

सुमारे ५,००० शाळांनी भाग घेतला. ही योजना १९३९ च्या सुरुवातीपर्यंत चालली, आणि मुलांच्या मूळ वह्या आणि शाळांचे मोठे खंड मिळून जवळजवळ ७ लाख ४० हजार पानं जमली. मात्र एक सल राहिली. देशाची फाळणी झाली होती, उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले होते, आणि तिथल्या शाळा डब्लिनच्या हुकमात नव्हत्या. डेलार्गींचा अँट्रिम त्या सहांत होता. म्हणजे सगळ्या देशाच्या मुलांकडून आजीच्या गोष्टी लिहून घेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गावची मुलं त्यात नव्हती. पुढे आयोगाचा मायकेल मर्फी हा संग्राहक त्या भागात हिंडला, पण शाळांतून जे मिळालं असतं ते मिळालं नाही.

थोर माणसांचं फक्त कौतुकच करायचं असं नाही. पगारी पूर्णवेळ संग्राहक सगळे पुरुषच होते. बायकांच्या तोंडचं, बाळंतपणाचं, माजघरातलं कितीतरी त्यामुळे सुटलं असणार. आयोग वर्षानुवर्षं तात्पुरताच राहिला. लोकांना नोकरीची शाश्वती नाही, पगार तुटपुंजा, आणि डेलार्गींचं अर्धं आयुष्य सरकारी पत्रव्यवहारात गेलं. त्यामुळे त्यांची स्वतःची पुस्तकं मागे पडली. शॉन ओ कॉनल यांच्या गोष्टींचं पुस्तक निघालं ते १९४८ मध्ये, शॉन जाऊन १७ वर्षं झाल्यावर.

पण शेजाऱ्यांनाही त्यांनी हात दिला. कॅलम मॅक्लेन या संग्राहकाला स्कॉटलंडच्या बेटांवर पाठवलं. १९४८ मध्ये आयल ऑफ मॅन या बेटावर मँक्स भाषा बोलणारी अगदी शेवटची माणसं उरली होती, तेव्हा डब्लिनहून आयोगाची आवाज टिपणारी गाडी बोटीने तिकडे गेली. ती माणसं आता नाहीत, त्यांचे आवाज आहेत. या वेळी कोणी तासून पुसले नाहीत.

१९७१ मध्ये आयोगाचं काम युनिव्हर्सिटी कॉलेजकडे गेलं. डेलार्गी २५ जून १९८० रोजी डब्लिनमध्ये वारले. २०१७ मध्ये युनेस्कोने या संग्रहाची जगाच्या स्मृतींच्या यादीत नोंद केली. शाळांच्या त्या वह्या आता संगणकावर कोणालाही उघडता येतात. गावाचं नाव घातलं की शाळा येते, शाळेवरून पान येतं. आयर्लंडमधली आणि तिथून अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्या घरांतली माणसं रात्री बसून त्यात आपल्या आजीचं नाव शोधतात. कधी सापडतंही : अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं वळणदार अक्षर, आणि खाली तिला गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव, वय आणि गाव.